आतल्या भिंतीच्या रंगाला सुटणारे पोपडे आणि त्यांची दुरुस्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, कोकण आणि गोवा या किनारपट्टीवरच्या घरांत पावसाळा सरत आला की आतल्या भिंतींवरचा रंग फुगू लागतो, त्याचे पोपडे सुटतात आणि खाली पुट्टीची, म्हणजे रंगाआधी भिंत गुळगुळीत करणाऱ्या लेपाची, पांढरी पूड पडू लागते. पुढील प्रश्न अशाच घरांतून येणारे आहेत. बहुतेक उत्तरे विटांच्या किंवा जांभ्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा असलेल्या घरांना लागू पडतात. चुन्याच्या आणि मातीच्या गिलाव्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

रंगाचे पोपडे मुळात का सुटतात?

भिंतीवर आपल्याला एकच रंग दिसत असला, तरी प्रत्यक्षात तिथे चार-पाच थर एकमेकांना धरून उभे असतात. वीट, गिलावा, पुट्टी, प्रायमर (रंगाला पकड देणारा खालचा हात) आणि त्यावर रंगाचे दोन हात असा तो क्रम असतो, आणि जुन्या घरात त्याखाली आधीच्या रंगकामांचे आणखी थर दडलेले असतात. यांपैकी कोणत्याही दोन थरांमधली पकड सुटली की पोपडा निघतो. पकड सुटण्याची कारणे ढोबळमानाने दोन आहेत. एक म्हणजे भिंतीतून बाहेर येऊ पाहणारे पाणी आणि त्याबरोबर येणारे क्षार. दुसरे म्हणजे रंगकामाच्या वेळी खालचा थर धुळीचा, तेलकट, भुकटी सुटणारा किंवा ओला असतानाच त्यावर पुढचा थर चढवणे.

आजचे प्लास्टिक इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळून लावायचा रंग, वाळल्यावर एक सलग पापुद्रा तयार करते. भिंतीतले पाणी वाफ होऊन खोलीकडे येऊ लागले की या पापुद्र्यामागे अडते, आणि जिथे पकड सर्वांत कमी तिथे रंग फुगतो. जुन्या काळच्या चुन्याच्या सफेदीला असे फुगे येत नसत, कारण ती वाफेला वाट देत असे. ओल तेव्हाही असे, पण ती डागाच्या रूपाने दिसत असे आणि उन्हाळ्यात वाळून जात असे.

नेमके कारण कोणते, हे कसे ओळखावे?

पोपडा फेकून देण्यापूर्वी तो उलटा करून पाहावा. दुरुस्तीची निम्मी दिशा त्या पाठीवर लिहिलेली असते, आणि दुर्दैवाने तीच पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

पाठीला फक्त जुना रंग चिकटलेला असेल किंवा पाठ स्वच्छ, गुळगुळीत असेल, तर दोष दोन रंगांच्या जोडात आहे. बहुधा जुन्या चकचकीत तेलरंगावर तो न घासताच नवा रंग दिला गेला आहे. पाठीवर पांढरी, बोटाला लागणारी पूड असेल, तर रंग जुन्या चुन्यावर किंवा डिस्टेंपरवर बसला होता आणि तो खालचा थरच सुटा होता. पाठीला पुट्टीचा जाड तुकडा चिकटून आला असेल आणि खाली गिलावा उघडा पडला असेल, तर पुट्टी मऊ पडली आहे किंवा ती मुळातच जुन्या रंगावर ओढली होती. पाठीसोबत वाळूचे कण येत असतील आणि खालचा गिलावा नखाने खरवडताच सुटत असेल, तर प्रश्न रंगाचा राहिलेला नाही. गिलावाच भुसभुशीत झाला आहे आणि तेवढा भाग काढून नव्याने करावा लागणार आहे.

पोपड्यामागे कापसासारखे पांढरे तंतू किंवा स्फटिक दिसले, तर ते क्षार आहेत आणि भिंतीत पाण्याची ये-जा चालू आहे असे निश्चित समजावे.

भिंत ओली आहे की कोरडी, हे घरच्या घरी तपासता येते का?

येते. साधारण दीड फूट लांब-रुंद असा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घेऊन तो चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर हवाबंद लावावा आणि २४ ते ४८ तास तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दव जमले किंवा खालचा गिलावा काळपट झाला, तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीकडच्या बाजूला दव जमले, तर खोलीतल्या दमट हवेचे पाणी थंड भिंतीवर बसत आहे. तपासणी पोपडे काढून उघड्या पडलेल्या गिलाव्यावर करावी, कारण शाबूत रंगावर ती केली तर भिंतीतले पाणी त्या रंगाआडच राहते आणि भिंत कोरडी असल्याचा चुकीचा समज होतो.

दोन खिळ्यांची टोके असलेली ओलमापके बाजारात सहज मिळतात. त्यांतली बरीचशी लाकडासाठी बेतलेली असतात आणि क्षार असलेल्या गिलाव्यावर ती वाजवीपेक्षा मोठा आकडा दाखवतात. त्यांचा उपयोग एकाच भिंतीच्या वरच्या आणि खालच्या भागाची तुलना करण्यासाठी, किंवा दर आठवड्याला आकडा उतरतो आहे का हे पाहण्यासाठी करावा.

ओल कुठून येत असावी?

डागाची जागा बरेच सांगून जाते. जमिनीपासून साधारण तीन-साडेतीन फुटांपर्यंत चढलेला, वरची कड नागमोडी असलेला पट्टा दिसला, तर जमिनीतले पाणी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते आहे. जोत्यावरचा ओलरोधक थर नसणे, तो तुटणे, किंवा बाहेरच्या अंगणाची माती अथवा फरशी भर घालून जोत्याच्या वर नेणे ही त्याची नेहमीची कारणे होत. शेवटचे कारण कोकणातल्या घरांत फार आढळते, कारण अंगण दरवर्षी थोडे-थोडे वर येते आणि एक दिवस जोते बुडते.

खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत पोपडे असतील, तर चौकट आणि भिंत यांमधली फट, बाहेरच्या बाजूस उतार नसलेली उंबऱ्याची फरशी आणि छज्जाच्या तळाशी पाणी तोडणारी खाच नसणे, या तिन्ही गोष्टी बाहेरून पाहाव्यात. छताच्या कडेला डाग असेल तर गच्चीचा कोबा आणि भिंतीला लागून असलेला त्याचा गोलावा तपासावा. न्हाणीघराच्या पाठीमागच्या भिंतीवर बारमाही पोपडे असतील, तर पावसाचा संबंध नाही. फरशीचे सांधे, नहाणी ट्रॅपची (जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याची) कड किंवा भिंतीत गाडलेली नळी गळते आहे. नळीचा संशय असल्यास घरातले सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा काटा फिरतो का, हे तासभर पाहावे. वातानुकूलन यंत्राची पाणी वाहून नेणारी नळी आतल्या बाजूला उतरती बसवल्यामुळे भिंत भिजल्याची उदाहरणेही आम्ही पाहिली आहेत.

पश्चिमेकडची आणि नैर्ऋत्येकडची भिंत सर्वांत आधी बिघडते, कारण मोसमी वाऱ्याचा पाऊस तिच्यावर आडवा मारा करतो. अशा भिंतीला आतून कितीही चांगला रंग दिला, तरी बाहेरच्या गिलाव्याच्या केसासारख्या बारीक भेगा भरल्याशिवाय तो टिकत नाही.

गणपतीच्या आधी किंवा दिवाळीपूर्वी आतून रंग द्यावा का?

या प्रश्नाचे उत्तर अनेकांना आवडत नाही, तरीही ते स्पष्ट देणे आवश्यक आहे. पावसाच्या माऱ्यातल्या किंवा जमिनीची ओल चढणाऱ्या भिंतीला या काळात रंग देऊ नये.

कोकणाच्या बऱ्याच भागांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत २,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. साध्या भाजक्या विटेने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषले तरी भारतीय मानकांनुसार ती वीट चालते. म्हणजे तीन किलोची एक वीट अर्धा लिटरहून अधिक पाणी पिऊ शकते, आणि नऊ इंची भिंतीच्या एका चौरस मीटरमध्ये अशा शंभराच्या आसपास विटा असतात. हे पाणी गणेश चतुर्थीच्या सुमारास भिंतीतच असते. दिवाळीपर्यंत पृष्ठभाग हाताला कोरडा लागतो, पण गाभा सुकलेला नसतो. भिजलेली भिंत सुकायला दर इंच जाडीमागे सुमारे एक महिना धरावा असा एक जुना अडाखा आहे. आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हाने आणि वाहत्या वाऱ्याने तो काळ बराच कमी होत असला, तरी काही आठवड्यांत काम उरकेल अशी आशा धरणे योग्य नाही.

सणासाठी घर स्वच्छ आणि उजळ दिसावे ही इच्छा रास्त आहे, आणि कोकणात गणपतीपूर्वी घर रंगवण्याची रीत आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याची आहे. माझ्या आजोळच्या घरी माजघराच्या भिंती दरवर्षी चतुर्थीपूर्वी चुन्याने सारवल्यासारख्या पांढऱ्या केल्या जात आणि त्या भर पावसातही तशाच राहत. ती रीत चुन्याला साजेशी होती, कारण चुना ओल्या भिंतीवर चालतो. त्याच तिथीला त्याच भिंतीवर आपण प्लास्टिक इमल्शन लावू लागलो आणि घोटाळा तिथे झाला. म्हणून सणापूर्वी सुटे पोपडे खरवडून, भिंत कोरड्या ब्रशाने झाडून, गरज वाटल्यास चुन्याचा एक हात देऊन घ्यावा आणि पक्के काम फेब्रुवारी ते मे या काळात करावे. चुन्याचा हा हात त्या वेळी पूर्ण खरवडून काढावा लागेल, हे मात्र ध्यानात ठेवावे. घरातल्या मधल्या, पावसाशी संबंध नसलेल्या कोरड्या भिंती दसऱ्यानंतर रंगवायला हरकत नाही.

दुरुस्तीला कोणती साधने लागतात?

खरवडण्यासाठी तीन-चार इंची पत्रा, तारेचा ब्रश, मऊ केसांचा ब्रश, पुट्टी ओढायची पट्टी, ८०, १२० आणि २२० क्रमांकाचे पॉलिश पेपर, थापी आणि रंधा, स्पंज, चिकटपट्टी आणि जमिनीवर अंथरायला जुने कापड. नाका-तोंडावर चांगल्या प्रतीचा मुखवटा आणि डोळ्यांना चष्मा हवा, कारण पुट्टीची धूळ अतिशय बारीक असते.

दुरुस्ती पायरी-पायरीने कशी करावी?

आधी ओलीचे कारण दूर करावे आणि भिंत सुकू द्यावी. हे झाले नसेल तर पुढचे सारे वाचून उपयोग नाही.

खरवडायला सुरुवात पोपड्याच्या मधून करावी आणि पत्रा कडेकडे नेत राहावा. रंग सहज निघायचा थांबला तरी तिथे हात थांबवू नये. आणखी चार-सहा इंच पुढे जाऊन पकड खरोखर घट्ट आहे का, हे पाहावे. घट्टपणाची खात्री करण्यासाठी धारदार पात्याने कडेजवळच्या रंगावर फुलीसारख्या दोन रेघा माराव्यात, त्यावर चिकटपट्टी दाबून ती झटक्याने ओढावी. पट्टीसोबत रंग आला, तर अजून खरवडायचे शिल्लक आहे.

मग पत्र्याच्या मुठीने गिलावा हलके ठोकत जावे. भरीव गिलावा खणखणीत वाजतो, सुटलेला गिलावा बद्द वाजतो. बद्द वाजणारा भाग छिन्नीने चौकोनी कापून विटेपर्यंत काढावा, विटांमधले सांधे अर्धा इंच खोल खरवडावेत आणि गुळगुळीत काँक्रीट असेल तर पकडीसाठी त्यावर छिन्नीने टाचे मारावेत. धूळ झाडून, पाणी मारून, पृष्ठभाग ओलसर पण निथळलेला असताना एक भाग सिमेंट आणि सहा भाग चाळलेली वाळू या प्रमाणातला गिलावा साधारण १२ मिलिमीटर जाडीने भरावा. वाळू खाडीची नसावी, कारण तिच्यातले मीठ ओल धरते आणि वर्षभरात त्याच जागी पुन्हा फुगा आणते. भरलेल्या तुकड्यावर किमान सात दिवस दिवसातून दोन-तीनदा पाणी मारावे. बरेच गवंडी तुकड्याच्या कामाला पाणी मारायचे सोडून देतात आणि नंतर तोच तुकडा कडेने चिरतो.

नव्या गिलाव्याला रंग देण्यापूर्वी २८ दिवस थांबावे, ही अट अनेकांना जाचक वाटते. ताज्या सिमेंटचा सामू १२ ते १३ इतका असतो. अशा तीव्र अल्कलीमुळे तेलयुक्त रंगातले तेल अक्षरशः साबणासारखे होते आणि रंग चिकट, डागाळलेला होऊन सुटतो. इमल्शन हे अधिक सोसते, पण त्यातली काही रंगद्रव्ये फिकी पडतात. शिवाय गिलाव्यात मिसळलेले पाणी बाहेर पडायलाही वेळ लागतोच.

जिथे गिलावा शाबूत आहे आणि फक्त रंग निघाला आहे, तिथे उरलेल्या रंगाची कड ८० आणि नंतर १२० क्रमांकाच्या कागदाने इतकी उतरती घासावी की डोळे मिटून हात फिरवला तर पायरी लागू नये. दुरुस्तीचा पॅच पुढे दिसतो तो बहुतेक वेळा या घासण्यातल्या घाईमुळेच. घासल्यावर धूळ ब्रशाने झाडावी, ओल्या स्पंजाने टिपावी आणि पृष्ठभाग वाळू द्यावा. धुळीवर लावलेली कोणतीही गोष्ट धुळीसकटच खाली येते.

यानंतर पुट्टीचे दोन पातळ हात द्यावेत. पहिला हात खालून वर आणि दुसरा आडवा ओढला की खळगे नीट भरतात. दोन्ही मिळून जाडी तीन मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये. त्याहून खोल खड्डा आधी सिमेंट-वाळूने भरावा. पूर्ण वाळल्यावर २२० क्रमांकाच्या कागदाने घासावे, धूळ पुसावी, प्रायमरचा एक हात द्यावा, प्रायमर वाळल्यावर हातदिवा भिंतीला समांतर धरून उंचसखल जागा शोधाव्यात आणि तेवढ्याच बारीक भरून घ्याव्यात. अशा भरलेल्या जागांवर पुन्हा प्रायमर टिपून मगच रंगाचे दोन हात द्यावेत. पाणी किती मिसळायचे ते डब्यावर लिहिलेले असते आणि त्याहून अधिक मिसळू नये. पातळ केलेला रंग डबा पुरवतो, पण भिंतीवर धरत नाही.

पुट्टी पांढऱ्या सिमेंटची घ्यावी की अ‍ॅक्रिलिकची? आणि प्लास्टर ऑफ पॅरिस चालेल का?

किनारपट्टीवरच्या घरात पांढऱ्या सिमेंटची पुट्टी अधिक भरवशाची आहे. ती पाण्यात कालवल्यावर सिमेंटप्रमाणे घट्ट होते, थोड्या ओलसर गिलाव्यावर चालते आणि नंतर दमटपणा आला तरी मऊ पडत नाही. कालवलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपवावी, आणि आवळू लागलेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घालू नये. तिची एक मर्यादा लक्षात ठेवावी. ती सिमेंटच्या गिलाव्याला धरते, जुन्या रंगाला धरत नाही. सबंध भिंतीवर जुना रंग तसाच ठेवून वरून ही पुट्टी ओढण्याची पद्धत सर्रास आढळते, आणि एक-दोन वर्षांत त्या भिंतीची ताटाएवढी खपली निघते.

अ‍ॅक्रिलिक पुट्टी डब्यात तयार मिळते, घासायला सोपी असते आणि कोरड्या भिंतीवरच्या लहान खळग्यांसाठी उत्तम आहे. तिच्याखाली प्रायमर आवश्यक असतो. ओल आली की ती फुगते, म्हणून बाहेरच्या भिंतीच्या आतल्या अंगाला ती टाळावी.

प्लास्टर ऑफ पॅरिस काही मिनिटांत आवळते, त्यामुळे काम झपाट्याने होते आणि म्हणूनच ते पुढे केले जाते. ते पाणी शोषून मऊ पडते. छताच्या नक्षीसाठी ते योग्य आहे, ओल येणाऱ्या भिंतीसाठी नाही. जिप्समच्या तयार गिलाव्यालाही हेच लागू आहे.

भिंतीवर पांढरा लोणा येतो. तो पाण्याने धुवावा का?

लगेच धुवू नये. विटा, वाळू, सिमेंट आणि जमिनीतले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागावर येतात आणि पाणी उडून गेल्यावर तिथे स्फटिकरूपाने उरतात. त्यालाच आपण लोणा म्हणतो. भरपूर पाणी मारले तर ते क्षार पुन्हा विरघळून आत शिरतात. आधी कोरड्या ब्रशाने ते झाडावेत, पडलेली पूड गोळा करून बाहेर टाकावी, आठवडाभराने पुन्हा पाहावे आणि नवे स्फटिक येणे थांबेपर्यंत हे करत राहावे. शेवटी ओलसर फडक्याने पुसून घ्यावे.

फरशी साफ करण्याचे आम्ल आतल्या गिलाव्यावर ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. ते गिलाव्यातल्या चुन्याला विरघळवते आणि मागे क्लोराइड ठेवते, जे हवेतली आर्द्रता ओढून घेते. अनेक वर्षे लोणा धरलेला गिलावा क्षारांनी इतका भरलेला असतो की मूळ गळती बंद केल्यावरही तो दर पावसाळ्यात ओलसर दिसतो. असा गिलावा डागाच्या वर एक फुटापर्यंत काढून नवा करणे हाच उपाय आहे.

आतून वॉटरप्रूफ रंग किंवा रसायन लावले तर ओल थांबेल का?

पाणी बाहेरून येत असेल तर ते बाहेरच अडवावे लागते. आतल्या अंगाला अभेद्य थर दिला की पाणी भिंतीत साठते, आणखी वर चढते किंवा बाजूच्या भिंतीत सरकते. तीन फुटांवरचा डाग पुढच्या वर्षी पाच फुटांवर गेलेला आम्ही पाहिला आहे. बाहेरून हातच लावता येत नाही, उदाहरणार्थ शेजारच्या इमारतीला खेटलेली भिंत किंवा तळघर, अशा ठिकाणी सिमेंटयुक्त ओलरोधक लेप विटेवर थेट देऊन त्यावर नवा गिलावा करतात. ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. रंगाच्या डब्यातून ते साधत नाही.

फरशा, लाकडी तक्ते किंवा भिंतकागद लावून ओल झाकणे हा तर उपाय नव्हेच. त्याच्या आड बुरशी आणि वाळवी दोघींनाही आसरा मिळतो.

जुन्या भिंतीवर चुना आहे की डिस्टेंपर की तेलरंग, हे कसे कळेल?

ओल्या बोटाने भिंत चोळावी. बोटाला दाट पांढरी पूड लागली तर चुना किंवा साधे डिस्टेंपर आहे. लिंबाचा रस टाकल्यावर बारीक बुडबुडे आले तर चुना, किंवा खडूची पूड मिसळलेले डिस्टेंपर, हे दोन्ही संभवतात, पण दोन्हींवर उपाय एकच आहे. भिंतीवर पाणी शिंपडून, पत्र्याने खरवडून, मूळ गिलावा दिसेपर्यंत तो थर काढावा. दहा-बारा वर्षांचे हात एकावर एक असतील तर हे काम कंटाळवाणे आहे, परंतु त्याला पर्याय नाही.

पूड लागली नाही, तर स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस भिंतीवर अर्धा मिनिट चोळावा. रंग मऊ होऊन कापसाला लागला तर इमल्शन, काहीच न लागल्यास बहुधा तेलरंग. शाबूत तेलरंग खरवडण्याची गरज नसते. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो धुवावा, स्वच्छ पाण्याने पुसावा, चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासावा, योग्य प्रायमर द्यावा आणि मग इमल्शन लावावे.

जुना रंग घासताना आरोग्याला धोका असतो का?

जुना तेलरंग असेल तर असतो, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असल्यास याकडे दुर्लक्ष करू नये. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दर दहा लक्ष भागांत ९० भागांवर आणणारे भारत सरकारचे नियम २०१६ सालचे असून ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या तेलरंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, लाल आणि हिरव्या छटांत, शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासू नये आणि जाळून काढू नये. पाणी मारत, पाणकागदाने घासावा. खोलीचे दार ओल्या चादरीने झाकावे. पोपडे आणि गाळ पिशवीत बांधून टाकावा. जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. मुलांना काम संपून दोनदा पुसणे होईपर्यंत त्या खोलीत येऊ देऊ नये.

जांभ्याच्या, चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतींसाठी वेगळे काय करावे?

येथे आमचे मत आग्रहाचे आहे. चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्याच्या जुन्या वाड्यात, अथवा सिमेंटचा गिलावा नसलेल्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या घरात, सिमेंटचा तुकडा आणि त्यावर प्लास्टिक इमल्शन ही जोडी भिंतीचे नुकसान करते. या भिंती पाणी घेतात आणि सोडतात, त्यावरच त्यांचे आरोग्य चालते. सिमेंटचा कठीण तुकडा भोवतालच्या मऊ गिलाव्यासोबत हलत नाही, त्याच्या कडेला भेग पडते, आणि अडलेली ओल तुकड्याच्या कडेने बाहेर पडून शेजारचा चांगला गिलावा खाते.

दुरुस्ती मूळ साहित्याच्या जातीनेच करावी. चुन्याच्या गिलाव्यासाठी नीट मुरवलेला चुना आणि वाळू वापरावी. पातळ थर द्यावेत, प्रत्येक थराला वेळ द्यावा आणि तो उन्हापासून झाकावा, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो. कोकणात आणि गोव्यात शिंपल्यांचा चुना वापरण्याची परंपरा आहे, आणि चुन्याच्या कामात गूळ, हिरडा घालणारे कारागीर आजही सापडतात. वरून गाळलेल्या चुन्याच्या पांढऱ्या पाण्याचे तीन पातळ हात द्यावेत. त्यात थोडा डिंक घातला तर तो हाताला कमी लागतो आणि चिमूटभर निळीने पिवळेपणा जातो. भिंतीवर इमल्शन आधीच चढलेले असेल तर ते काढून टाकायला एक संपूर्ण उन्हाळा लागला तरी तो सार्थकी लागतो.

काळी बुरशी आली असेल तर?

ती कोरडी झाडू नये, कारण तिचे बीजाणू खोलीभर पसरतात. एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी असे मिश्रण खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून लावावे, पंधरा मिनिटांनी घासून साध्या पाण्याने पुसावे आणि भिंत वाळू द्यावी. ब्लीचमध्ये संडास साफ करण्याचे आम्ल किंवा अमोनिया कदापि मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. कपाटामागे बुरशी येत असेल तर कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे. पावसाळ्यात घरात वाळत घातलेले कपडे हे दमटपणाचे मोठे कारण असते, त्यामुळे त्या खोलीचा पंखा आणि खिडकी चालू-उघडी ठेवावी.

फक्त पॅच रंगवला तर छटा जुळेल का?

तोच डबा जपून ठेवला असला तरी सहसा जुळत नाही, कारण भिंतीवरचा रंग उन्हाने आणि हाताळण्याने बदललेला असतो. पॅचवर रंग देण्याऐवजी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती एक भिंत पूर्ण रंगवावी. दोन भिंती काटकोनात भेटतात तिथे छटेतला फरक डोळ्यांना जाणवत नाही.

सोसायटीतल्या सदनिकेत दुरुस्तीचा खर्च कोणी करावा?

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक नळांची व सांडपाण्याच्या वाहिन्यांची गळती, तसेच गच्चीतून पाणी झिरपल्याने सर्वांत वरच्या मजल्यावरच्या छताचे आणि त्याच्या गिलाव्याचे झालेले नुकसान यांची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करायची असते. सदनिकेच्या आतल्या न्हाणीघर, संडास वा मोरीतून होणारी गळती संबंधित सभासदाने दुरुस्त करायची असते. संस्थेला लेखी अर्ज करताना डागांची तारखेसह छायाचित्रे जोडावीत. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात एकाच जागेची घेतलेली दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की पाणी पावसाचे आहे की नळाचे, यावर वाद उरत नाही. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी बोलताना त्यांच्या न्हाणीघरात २४ तास पाणी साठवून पाहण्याची विनंती करावी. त्यांनाही त्यातून खात्री पटते.

रंगाऱ्याशी काम ठरवताना काय विचारावे?

दर चौरस फुटाचा भाव विचारण्याआधी त्या भावात खरवडणे, गिलाव्याचे तुकडे, पुट्टीचे किती हात, प्रायमर आणि रंगाचे किती हात धरले आहेत, हे कागदावर लिहून घ्यावे. खरवडण्याची मजुरी वेगळी द्यावी, ही आमची कळकळीची सूचना आहे. ती एकूण भावात मिसळली की त्या कामात वेळ घालवणे कारागिराला परवडत नाही, आणि सारी दुरुस्ती उभी असते ती त्याच कामावर. खरवडून झाल्यावर, पुट्टी लावण्याआधी, आपण स्वतः भिंत पाहून मगच पुढे जाण्यास सांगू असेही आधीच ठरवावे.

एका भिंतीला किती दिवस लागतील?

गिलावा शाबूत आणि कोरडा असेल तर उन्हाळ्यात चार ते पाच दिवस. गिलाव्याचा तुकडा भरावा लागला तर सुमारे पाच आठवडे, ज्यांत प्रत्यक्ष काम पाच-सहा दिवसांचेच असते. भिंत मुळात ओली असेल तर दिवस मोजू नयेत. दर आठवड्याला प्लास्टिकची चाचणी करावी आणि सलग दोनदा दव न आल्यावर पुट्टी कालवावी.

नव्या रंगावर आठवड्यातच छोटे फुगे आले. पुन्हा सगळे खरवडावे का?

लगेच नाही. रंगाचा दुसरा हात पहिला वाळण्यापूर्वी दिला असेल किंवा भिंत उन्हाने तापलेली असताना रंग लावला असेल, तर असे बारीक फुगे येतात आणि त्यांतले बरेच आपोआप बसतात. दोन आठवडे थांबून एक फुगा पात्याने कापावा. आत कोरडे असेल आणि खाली पहिला रंग दिसत असेल, तर तेवढ्या जागा घासून एक हात पुरतो. आत ओलसरपणा किंवा पांढरे कण दिसले, तर पाणी अजून येत आहे. तो फुगा तसाच उघडा ठेवून त्याचा माग आधी काढावा.